आईबाबांना घेऊन सदर्न कॅरिबियन क्रूझ: काही महिन्यांनंतरचा अनुभव

फेब्रुवारीत जाऊन आलो आणि आता ऑक्टोबर संपत आलाय तेव्हा लिहितेय, मुद्दामच उशिरा. परत आल्या आल्या सगळंच भारी वाटत असतं, फोटो ताजे असतात आणि कार्डाचं बिल अजून यायचं असतं. आता बिलं भरून झाली, आईबाबा कऱ्हाडला परत गेले, आणि फोनवर बोलताना कशाकशाचा विषय अजून निघतो आणि कशाचा अजिबात निघत नाही हे नीट कळलंय. आईवडिलांना घेऊन जायचा विचार करत असाल तर माझं पहिलं सांगणं हेच की जहाज बघून बुक करू नका, रूट बघून करा.

आमच्या न्यू जर्सीतली बहुतेक मराठी मंडळी मायामी नाहीतर फोर्ट लॉडरडेलवरून जातात, नवीन अवाढव्य जहाज, त्यावर वॉटरपार्क, आइस स्केटिंग, सगळं काही. लहान मुलं असतील तर ते बरोबरच आहे. पण फ्लोरिडाहून निघालं की लांबच्या बेटांपर्यंत पोचण्यातच दिवस जातात, मधे सी डे, म्हणजे नुसते समुद्रातले दिवस, येत राहतात, आणि सत्तरीच्या माणसांनी वॉटरपार्ककडे बघत बसायचं का? आम्ही पोर्तो रिकोच्या सॅन हुआनवरून निघणारी सात रात्रींची घेतली. तिथून खालची बेटं एकमेकांपासून इतकी जवळ आहेत की जहाज रात्री चालतं आणि रोज सकाळी नवीन बेट: सेंट मार्टेन, सेंट किट्स, अँटिगा, सेंट लुशिया, बार्बेडोस, आणि मग एक पूर्ण दिवस समुद्रात परत सॅन हुआन. जहाज जुनं होतं, मध्यम आकाराचं, लिफ्टसमोर कार्पेट झिजलेलं दिसत होतं, पण दिवसभर आम्ही जहाजावर होतोच कुठे.

आणखी एक फायदा म्हणजे पोर्तो रिको अमेरिकेतच येतं, त्यामुळे न्यूअर्कहून चार तासांची डोमेस्टिक फ्लाइट. घड्याळाचाही घोळ नाही, ही सगळी बेटं एकाच टाइमझोनमधे आहेत. मात्र भारतीय पासपोर्ट असेल तर अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचाच हवा, कारण जहाज बाहेर गेलं की तुम्ही देशाबाहेर गेलात आणि परत येताना पुन्हा इमिग्रेशन आहे. प्रत्येक बेटाचे व्हिसाचे नियम वेगळे आहेत, ते पैसे भरायच्या आधी क्रूझ कंपनीकडून ईमेलवर लेखी मागून घ्या, फोनवरच्या माणसाच्या शब्दावर जाऊ नका.

सॅन हुआनला एक दिवस आधी पोचा हे मात्र कळकळीने सांगते. फ्लाइट लेट झाली तर जहाज थांबत नाही हे एक, आणि दुसरं म्हणजे ते गावच बघण्यासारखं आहे. एल मोरो किल्ला स्पॅनिश लोकांनी 1539 मधे बांधायला घेतला, त्याच्यासमोर मोठं हिरवं मैदान आहे, तिथे संध्याकाळी घरंच्या घरं पतंग उडवत असतात. आई त्या गवतावर चप्पल काढून बसली आणि तासभर उठायचं नावच घेईना. दुसऱ्या दिवशी रात्री आमचं जहाज त्याच किल्ल्याच्या अगदी जवळून बाहेर पडलं, त्या वेळी डेकवर नक्की जा, जेवण नंतर मिळतं.

केबिनबद्दल थोडंसं. आम्ही खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली खिडकीची केबिन घेतली, तिथे हलणं सगळ्यात कमी जाणवतं. बाल्कनीचे जास्तीचे पैसे दिले नाहीत आणि अजूनही वाटतं की ते बेटांवर खर्च झाले तेच चांगलं. बाथरूम अगदी लहान, दाराशी उंच उंबरा असतो, म्हाताऱ्या माणसांना पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा. इलेक्ट्रिक किटली आणि इस्त्री चालत नाही, सिक्युरिटीला काढून घेतात, तेव्हा चहासाठी प्रीमिक्सची पाकिटं न्या, बफेला गरम पाणी कधीही मिळतं. सीलबंद भाकरवडी वगैरे जहाजावर नेता येते पण खाली बेटांवर घेऊन जाऊ नका, खाण्याच्या वस्तूंबाबत तिथले नियम कडक आहेत.

आता जेवण, कारण सगळे हेच विचारतात. आई पूर्ण शाकाहारी. बुकिंग करतानाच तसं कळवलं होतं, पण खरा फरक पडला तो डायनिंग हॉलमधल्या आमच्या वेटरमुळे. सावंतवाडीकडचा मुलगा, पहिल्या रात्री आमचं बोलणं ऐकलं आणि थेट मराठीत म्हणाला, "काकू, उद्याचं आजच सांगून ठेवा, म्हणजे किचनमधे सांगता येतं." त्यानंतर रोज रात्री निघताना तो विचारायचा आणि दुसऱ्या दिवशी डाळ, भात, एखादी कोरडी भाजी, लोणचं हजर. एकदा तर आईने ताटातलं वरण बघून विचारलं की यात गूळ घातलाय का, तर तो म्हणाला साखर आहे काकू, गूळ नाही मिळाला. गोवा आणि तळकोकणातली कितीतरी मुलं अशी जहाजांवर आहेत, सहा ते नऊ महिन्यांचं काँट्रॅक्ट, सुट्टीचा दिवस असा नाहीच, सकाळी ब्रेकफास्टला तीच माणसं आणि रात्री उशिरा टेबलं आवरतानाही तीच. त्याची मुलगी घरी रांगायला लागली होती आणि ते त्याने फोनवर बघितलं. म्हणून सांगते, माणशी दिवसाला साधारण 16 ते 20 डॉलर ग्रॅच्युइटी, म्हणजे स्टाफची टिप, लागते, ती गेस्ट सर्व्हिसला जाऊन काढून टाकता येते असं काही लोक हुशारीने सांगतात, कृपा करून असं करू नका. ती बजेटमधे धरूनच निघा, आणि कुणी खास केलं असेल तर वर हातात द्या.

बेटांपैकी सेंट मार्टेन पटकन सांगते: अर्धं डच, अर्धं फ्रेंच, 1648 च्या करारापासून असंच वाटलेलं आणि मधे कुठे तपासणी नाही. माहो बीचवर डोक्यावरून विमानं उतरतात ते बघायला गर्दी असते, एकदा बघण्यासारखं आहे. फिलिप्सबर्गच्या फ्रंट स्ट्रीटवर सिंधी लोकांची दागिन्यांची दुकानं भरपूर, हिंदीत घासाघीस करता येते.

सेंट किट्सला मात्र काय होणार याची मला कल्पनाच नव्हती. तिथे उसाची ट्रेन आहे. 1912 ते 1926 मधे बेटाभोवती नॅरोगेज रूळ टाकले, शेतातला ऊस बासतेरच्या कारखान्यावर आणायला. 2005 मधे साखरधंदा कायमचा बंद झाला आणि आता त्याच रुळांवरून टुरिस्ट फिरतात, वरचा मजला उघडा, साधारण तीन तासांची फेरी, थोडा भाग बसने. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि मधे माजलेलं गवत ज्यात अजून कुठे कुठे ऊस आपला आपण उगवतो. बाबांचा सगळा जन्म उसात गेलाय, तोडणी, टोळ्या, कारखान्याचा पहिला हप्ता याशिवाय घरात बोलणं नसायचं. ते कठड्याला धरून उभे राहिले, जुन्या गिरणीची चिमणी आली की गाइडला माझ्यामार्फत विचारायचे, इथे एकरी किती पडायचा, तोडणीला माणसं कुठली, कारखाना बंद झाल्यावर ती गेली कुठे. गाइड बाईंचे वडील स्वतः ऊसतोडणी करायचे. मग मी नुसती मधे भाषांतर करत राहिले आणि आजूबाजूची मंडळी गाणी ऐकत होती. ही तिकिटं महाग आहेत पण आधीच काढा, संपतात.

अँटिगाला समुद्रकिनारा आईसाठी आणि अँटिगा रिक्रिएशन ग्राउंड बाबांसाठी. बंदरापासून चालत जाता येतं. वेस्ट इंडिजच्या ब्रायन लाराचे 375 आणि 400 रन्स दोन्ही इथलेच, आणि 2002 मधे जबडा मोडलेला असताना पट्टी बांधून कुंबळेने बॉलिंग केली आणि लाराला काढलं तेही इथेच. आता मोठ्या मॅचेस गावाबाहेरच्या नवीन स्टेडियमवर होतात. सेंट लुशियाला पिटॉन डोंगर बघायला कास्ट्रीज बंदराहून रस्त्याने जाऊ नका, तो रस्ता म्हणजे आंबेनळी घाटच, आईला गाडी लागली असती. आम्ही कॅटामरानने गेलो, ते दोन सुळके पाण्यातूनच जास्त चांगले दिसतात.

आणि बार्बेडोस. ब्रिजटाउनचं केन्सिंग्टन ओव्हल बंदरापासून इतकं जवळ आहे की टॅक्सीत नीट बसेपर्यंत आलंच. बाहेर वेस्ट इंडिजच्या गॅरी सोबर्सचा पुतळा. 29 जून 2024 ला आपण टी-20 वर्ल्ड कप जिंकलो ते हेच मैदान, सूर्यकुमारचा कॅच, रोहितने पिचची माती तोंडात घातली ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर. पण बाबा तिसरंच बोलत होते. 1971, वाडेकर कॅप्टन, ह्याच ब्रिजटाउनच्या टेस्टमधे सरदेसाईंचे 150, साथीला सोलकर, आणि दुसऱ्या इनिंगला गावसकर नाबाद 117. सोबर्सचे नाबाद 178 सुद्धा त्याच मॅचमधले, म्हणून ते पुतळ्यापाशी जाऊन उभे राहिले आणि टोपी काढली. टॅक्सीवाले काका त्यांच्याच वयाचे निघाले, त्यांनीही ती मॅच ऐकलेली, दोघांना एकमेकांचं इंग्लिश निम्मं कळत होतं पण नावं सगळी कळत होती. गाडी मीटरवर नव्हती, ठरलेल्या पैशांपेक्षा त्यांनी एक डॉलर जास्त घेतला नाही. फक्त ह्या एका तासासाठीसुद्धा मी हा रूट परत घेईन.

परतीच्या सी डेला समुद्र खवळलेला होता. आईला रात्रीपासून मळमळ, गेस्ट सर्व्हिसला गोळी मिळाली, हिरवी सफरचंदं आणि आलं खाल्लं, दुपारपर्यंत बरी झाली. गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी घेतली तर जास्त उपयोगी पडते. हात मात्र साबणानेच धुवा, जहाजावर पोट बिघडवणारा जो नोरोव्हायरस असतो त्याला सॅनिटायझर नीट पुरत नाही. इन्शुरन्सचंही बघा, आईवडिलांचा व्हिजिटर इन्शुरन्स अमेरिकेबाहेर चालतोच असं नाही, आणि जहाजावरचा डॉक्टर सगळं तुमच्या कार्डावर लावतो.

तक्रार एकच पण मोठी. जहाजावरून बुक केलेली एक सहल कंपनीने स्वतःच रद्द केली आणि पैसे कार्डावर परत द्यायच्या ऐवजी ऑनबोर्ड क्रेडिट म्हणून, म्हणजे जहाजावरच खर्च करायचे असे टाकले, ते संपवायला आमच्याकडे वेळच नव्हता. त्यानंतर कित्येक आठवडे ईमेल, फोन, परत ईमेल, तेव्हा कुठे पैसे आले. असं झालं तर तिथेच काउंटरवर उभं राहून रिफंड कार्डावर करून घ्या आणि प्रिंटआउट मागा. एकूण हिशोब बघितला तर तिकिटापेक्षा वरचा खर्चच जास्त झाला, सहली, ग्रॅच्युइटी, टॅक्सी, सॅन हुआनचं हॉटेल. वायफाय एकाच फोनला घेतलं ते पुरलं. ड्रिंक्स पॅकेज घेतलं नाही, केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने घेतलं तर सगळ्या मोठ्यांनी घ्यायचं अशी अट असते, आमच्यात कुणी पिणारं नाही. बेटांवर डॉलर चालतात, पण अँटिगा, सेंट किट्स, सेंट लुशियाला सुट्टे परत येतात ते ईस्टर्न कॅरिबियन डॉलरमधे, तेव्हा एक आणि पाचच्या नोटा भरपूर न्या.

सीझन म्हणाल तर जून ते नोव्हेंबर वादळांचे महिने, तेव्हा स्वस्त असतं पण आईवडिलांना घेऊन मी जाणार नाही. आम्ही आता त्रिनिदादचं पोर्ट ऑफ स्पेन असलेला रूट शोधतोय, त्रिनिदादला जाणारी जहाजं फार थोडी आहेत आणि मिळाली तरी तारखा बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशननंतरच्या हव्यात.