जेमीचा सिनेमा: पाहण्याआधी रेकॉर्डिंग ऐका

‘एव्हरीबडीज टॉकिंग अबाउट जेमी’ हा ११५ मिनिटांचा संगीतपट सप्टेंबर २०२१मध्ये प्राइम व्हिडिओवर आला. पाहण्यासारखा नक्कीच आहे. पण त्याआधी तो ज्या नाटकावरून बनला, त्या संगीतिकेच्या गाण्यांचं वेस्ट एंडच्या (लंडनच्या नाट्यगृहांच्या भागातल्या) नटसंचाने केलेलं २०१८चं रेकॉर्डिंग ऐकावं. उलट क्रमाने गेलात तर लेखक टॉम मॅक्रेने मुळात काय रचलं होतं ते निम्मंच हाती लागतं.

मॅक्रे मूळचा टीव्हीचा लेखक. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा-मालिकेचे भाग, अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पल या गुप्तहेर आजीवरचा २००७चा एक टीव्हीपट, कॉमेडी सेंट्रलच्या ब्रिटिश वाहिनीवरची ‘थ्रीसम’ ही विनोदी मालिका, अशी कामं केल्यावर तो पहिल्यांदाच संगीतिकेकडे वळला. संहिता आणि गीतं त्याची, संगीत ‘द फीलिंग’ बँडच्या डॅन गिलेस्पी सेल्सचं, दिग्दर्शन जोनाथन बटरेलचं. बीज बीबीसी थ्रीच्या २०११च्या माहितीपटातलं. फेब्रुवारी २०१७मध्ये शेफील्डच्या क्रूसिबल थिएटरात नाटक उभं राहिलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात लंडनच्या अपोलो थिएटरात गेलं.

कथा एवढीशी आहे. शेफील्डमधल्या कष्टकरी वस्तीतल्या सोळा वर्षांच्या जेमी न्यूला ड्रॅग क्वीन (बायकी वेशात रंगमंचावर कार्यक्रम करणारा कलाकार) व्हायचंय आणि शाळेच्या प्रॉमला, म्हणजे निरोपाच्या नृत्यसमारंभाला, ड्रेस घालून जायचंय. आई पाठीशी आहे, वडील तोंड फिरवून बसलेत. वडिलांच्या नावाने येणारी भेट खरं तर आईच देते. हे आपल्याला आधी कळतं, जेमीला फार उशिरा. या एका खोट्यावर अख्खं नाटक तोललंय. प्रेक्षकाला पात्रापेक्षा एक पायरी पुढे ठेवायचं आणि मग वाट बघायला लावायचं, ही मालिकालेखकाची सवय इथे फार कामी येते. नाकारणारा बाप त्याच्या लेखनात नवा नाही. मे २००६मधल्या ‘डॉक्टर हू’च्या सायबरमेन या यंत्रमानवांवरच्या जोडभागात डॉक्टरची सोबतीण रोझ समांतर जगातल्या आपल्या वडिलांच्या प्रतिरूपाला, पीटला, सांगते की मी तुमची मुलगी, आणि तो पाठ फिरवून निघून जातो. तो जोडभाग एरवी जग समजावून सांगण्यातच दमतो. ही एक जागा मात्र पक्की.

रंगमंचावरची सर्वांत हुशार जागा पहिल्या अंकाच्या शेवटी आहे. जेमी क्लबच्या स्टेजकडे निघतो आणि मध्यंतर होतं. दुसरा अंक उघडतो तो दुसऱ्या दिवशी. त्याचा पहिला कार्यक्रम आपल्याला दिसतच नाही. दाखवला असता तर कुठल्याही नटाला तो ‘सगळे ज्याबद्दल बोलतायत’ एवढा भारी करून दाखवणं भाग पडलं असतं, आणि ते जमणं कठीण. इथे बाकीच्यांच्या बोलण्यातूनच तो मोठा होतो. हीच युक्ती ‘डॉक्टर हू’च्या ‘द गर्ल हू वेटेड’ (१० सप्टेंबर २०११) या भागात आहे. मालिकेचा परग्रहवासी नायक डॉक्टर याला दोन हृदयं, आणि तिथली साथ दोन हृदयांच्या जिवांना मारते. म्हणून तो टार्डिस या आपल्या कालयानाबाहेर पडू शकत नाही. मुख्य पात्र असं आत अडकलं की सगळा भार त्याची सोबतीण एमी हिच्यावर येतो. तिची ३६ वर्षं वेगळ्या काळप्रवाहात जातात आणि कॅरन गिलन तरुण व प्रौढ अशी दोन्ही रूपं साकारते. मॅक्रेचा एकच भाग पाहायचा तर हा पाहा. ‘जेमी’ ज्यांना अजिबात आवडणार नाही त्यांनीसुद्धा.

आता सिनेमात काय बिघडलं? आईचं ‘इफ आय मेट मायसेल्फ अगेन’ गेलं. नाटकात हे गाणं आधी येतं, म्हणून दुसऱ्या अंकात ती ‘हीज माय बॉय’ गाते तेव्हा तिच्या लग्नाचा सगळा हिशेब आपल्याला ठाऊक असतो. सिनेमात आईची भूमिका करणाऱ्या सारा लँकशरला ते ओझं एका गाण्यात उचलावं लागतं. उचलते ती, पण रेकॉर्डिंगवर आईची भूमिका करणाऱ्या जोझी वॉकरची दोन्ही गाणी ओळीने ऐका, फरक लगेच जाणवेल.

भरपाईही आहे. ड्रॅगमधल्या जुन्या जाणत्या ह्यूगोचं ‘लेजंड ऑफ लोको शनेल’ काढून तिथे ‘धिस वॉज मी’ हे नवं गाणं घातलंय. जुनं गाणं गमतीचं, बरंचसं सजावटीचं. नवं गाणं ब्रिटिश पंतप्रधान थॅचरच्या काळात, एड्सच्या साथीत नेतं. १९८८च्या सेक्शन २८ या कायद्याच्या कलमाने स्थानिक संस्थांना समलैंगिकतेचा ‘प्रसार’ करायला बंदी घातली आणि इंग्लंडमध्ये ते कलम २००३पर्यंत टिकलं, एवढं माहीत असेल तर रिचर्ड ई. ग्रँटचा ह्यूगो जेमीवर का चिडतो ते कळतं. ही अदलाबदल निःसंशय फायद्याची.

दुसरा अंक मात्र दोन्हीकडे सैल आहे. संथ गाणी एकमेकांना लागून येतात, आणि करिअर मार्गदर्शन करणाऱ्या मिस हेज यांचा विरोध ‘वर्क ऑफ आर्ट’नंतर पातळ होतो. रेकॉर्डिंगवर हा ढिलेपणा जास्त जाणवतो, कारण मधले विनोदी संवाद तिथे फारसे नाहीत.

सिनेमा पाहताना इंग्रजी सबटायटल्स चालू ठेवा. शेफील्डच्या उच्चारात शब्द गिळले जातात आणि मॅक्रेचा विनोद बहुधा वाक्याच्या शेवटच्या शब्दात असतो. तो निसटला की प्रवेश कोरडा वाटतो. फोनच्या स्पीकरवर तर गाणी ऐकूच नका, समूहगीतांतले शब्द एकमेकांत मिसळतात. रेकॉर्डिंगला पाचपैकी चार, सिनेमाला साडेतीन.