टॅकल निवडायचाय? चेंडू सोडा, पाय बघा

पुतण्याच्या ऑफिसात दर एप्रिलमध्ये अमेरिकन फुटबॉलच्या मॉक ड्राफ्टचा, म्हणजे लुटुपुटूच्या खेळाडू-निवडीचा खेळ रंगतो. बत्तीस जण, बत्तीस टीम, आणि प्रत्येकाने आपल्या टीमसाठी कॉलेजातला एकेक खेळाडू उचलायचा. यंदा चिठ्ठीत त्याच्या वाट्याला आलेल्या टीमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, अख्खा मोसम आडवा होत होता, त्यामुळे त्याला वाचवणारा टॅकल घ्यायचा एवढं ठरलेलं. शनिवारी सकाळी फोन आला. "काका, दोन नावं उरलीत. एक तयार आहे, पण हात आखूड. दुसरा नुसता राक्षस आहे, पण कच्चा. कुठला घेऊ?"

मी म्हटलं, उत्तर नंतर देतो, आधी २०२० सालचे चार टॅकल शेजारी शेजारी ठेवून बघ. इतका स्वच्छ प्रयोग पुन्हा व्हायचा नाही. पहिल्या तेरा खेळाडूंत चार टॅकल गेले. फेब्रुवारीत इंडियानापोलिसला कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या सामाईक चाचणीत, चौघांची मोजमापं एकाच फुटपट्टीने झाली आणि मग कोविडने दारं लावली. भेटीगाठी नाहीत, कॉलेजात जाऊन बघणं नाही. एप्रिलचा ड्राफ्टही घरबसल्या पार पडला. टीमांच्या हाती उरले ते आकडे आणि व्हिडिओ, म्हणजे आज तुमच्या-माझ्या हाती असतं तेवढंच. त्यातले दोघे आमच्या न्यू जर्सीत आले. एडिसनहून पाऊण तासावर ईस्ट रदरफोर्डचं स्टेडियम, त्यात जायन्ट्स आणि जेट्स या दोन सवती एकाच घरात नांदतात. मी जायन्ट्सवाला, शेजारी जेट्सवाले. म्हणजे दोन नमुने मी अगदी कुंपणावरून पाहिलेत.

खेळ नवा असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: क्वार्टरबॅकच्या पुढ्यात पाच धिप्पाड माणसं उभी असतात, ती ऑफेन्सिव्ह लाइन. मधला सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, दोन टोकांना टॅकल. चेंडू यांच्या वाट्याला सहसा येत नाही. समोरून सुसाट येणाऱ्याला तीन सेकंद अडवायचं, हे काम. क्वार्टरबॅक उजव्या हाताने फेकणारा असेल तर त्याची पाठ डाव्या टॅकलकडे असते, म्हणून ती जागा पूर्वापार महाग.

आता चौघे, ज्या क्रमाने उचलले गेले त्या क्रमाने:

अँड्र्यू थॉमस, जॉर्जिया: ३१५ पाउंड, हात ३६⅛ इंच, ४० यार्ड ५.२२ सेकंदांत. चौथा, जायन्ट्स.
जेड्रिक विल्स, अलाबामा: ३१२ पाउंड, हात ३४¼ इंच, ५.०५ सेकंद. दहावा, ब्राउन्स.
मकाय बेक्टन, लुइव्हिल: ३६४ पाउंड, हात ३५⅝ इंच, ५.१० सेकंद. अकरावा, जेट्स.
ट्रिस्टन वर्फ्स, आयोवा: ३२० पाउंड, हात ३४ इंच, ४.८५ सेकंद. तेरावा, बकनीअर्स.

चौघांत हात सर्वांत आखूड वर्फ्सचे, आणि उचलला गेला तोही सर्वांत शेवटी. आज तो इतरांच्या बराच पुढे आहे. २०२१ मध्ये उजवा टॅकल म्हणून ऑल-प्रो, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तमांच्या संघात, मग टीमने डावीकडे हलवला, तर २०२४ मध्ये डावा टॅकल म्हणून पुन्हा ऑल-प्रो. दोन्ही बाजूंना देशातला पहिल्या नंबरचा ठरणारा माणूस या खेळात अगदी दुर्मीळ. म्हणून आकडे खोटे म्हणावेत, तर त्याचेच दुसरे आकडे खणखणीत होते. धावण्यात चौघांत पहिला, आणि जागेवरून उभी उडी ३६½ इंच. १४५ किलोचा माणूस जागेवरून तीन फूट उडाला!

माझं मत असं की ४० यार्डांची धाव हा टॅकलच्या बाबतीत निव्वळ तमाशा आहे. चाळीस यार्ड पळायची वेळ त्याच्यावर आली, तर चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागलाय असं समजावं. कामाचे ते पहिले दहा यार्ड आणि उडी. त्यात मांड्यांचा स्फोट दिसतो. २२५ पाउंडांची बेंच प्रेसही मी फारशी मोजत नाही, कारण आखूड हाताच्या माणसाला दांडा कमी अंतर उचलावा लागतो आणि आकडा आपोआप फुगतो.

वर्फ्सच्या बाबतीत मला आकड्यांहून मोलाची वाटते ती त्याची कुस्ती. आयोवा म्हणजे अमेरिकेतलं कोल्हापूरच म्हणा. शाळेत असताना तो राज्याचा हेवीवेट विजेता होता, आणि २८५ पाउंडांच्या गटात बसायला त्याला वजन उतरवावं लागलं होतं. टॅकलचं काम म्हणजे उलट्या पावली खेळलेली कुस्ती. पवित्रा खाली, कंबर सैल, पाय कधी एकमेकांजवळ येऊ द्यायचे नाहीत, आणि समोरचा जोर लावेल तिकडे तो वळवायचा. वर्फ्सवर आक्षेप होता की तो पुढे झुकतो, तोल जातो, त्याला गार्डच करावा. व्हिडिओत ते दिसायचंही. पण मी एक गोष्ट पुनःपुन्हा मागे नेऊन पाहिली. झुकला, समोरचा कडेने निसटला, आता संपलं असं वाटतं, आणि त्याच क्षणी त्याचा मागचा पाय जमिनीत रुततो, कंबर वळते, तो पुन्हा मध्ये. डाव हुकल्यावरचं ते दुसरं पाऊल शिकवून येत नाही. पुढे टुकार पवित्रा प्रशिक्षकाने सुधारला, पाऊल त्याचं स्वतःचं होतं. पहिल्याच मोसमात सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, जिंकला. त्या सामन्यात समोरच्या चीफ्सचे नेहमीचे दोन्ही टॅकल जायबंदी होऊन बाहेर होते, आणि मॅहोम्ससारखा क्वार्टरबॅक संध्याकाळभर जीव मुठीत धरून पळत होता. ३१–९. टॅकलवर पहिली निवड का खर्च करायची, असं कोणी विचारलं की मी तो सामना लावून देतो.

बेक्टन. शेजाऱ्यांचा घाव. ३६४ पाउंडांचा, सहा फूट सात इंची माणूस ५.१० सेकंदांत धावला, तेव्हा बघणाऱ्यांचे डोळे दिपले आणि व्हिडिओतला प्रश्न बाजूला पडला. लुइव्हिलमध्ये तो समोरच्याला ढकलत चित्राबाहेर नेऊन सोडायचा, बघायला धमाल. पण तिथल्या खेळाची आखणी अशी की निव्वळ मागे सरकत, एकट्याने, पासिंगसाठी अडवण्याचे प्रसंग त्याच्या वाट्याला कमीच यायचे. म्हणजे ज्या कामासाठी जेट्सने पैसे मोजले, त्याचा नमुनाच पुरेसा नव्हता. पहिलं वर्ष झकास गेलं. शेजाऱ्यांनी माझ्यापुढे बरीच कॉलर ताठ केली. दुसऱ्या मोसमाच्या पहिल्या सामन्यात गुडघा गेला, तिसऱ्या वर्षी सरावातच पुन्हा तोच गुडघा. दोन मोसम जवळजवळ कोरे. एवढं वजन गुडघ्यावर किती वर्षं तोलायचं, हा प्रश्न निवडीच्या दिवशीच विचारायला हवा होता.

पण गोष्ट तिथे संपत नाही. २०२४ मध्ये ईगल्सने त्याला एका वर्षाच्या करारावर घेतलं, जेफ स्टाउटलंड या नावाजलेल्या प्रशिक्षकाच्या हाती दिलं आणि उजवा गार्ड केलं. दोन्ही बाजूंना माणसं, मोकळं मैदान कमी, ढकलायचं काम जास्त. २०२५ च्या फेब्रुवारीत तो सुपर बोल जिंकून आला. शेजारी त्या रात्री माझा फोन उचलत नव्हते.

विल्सचं लवकर आटपतो. अलाबामात त्याचा क्वार्टरबॅक टुआ डावखुरा, त्यामुळे पाठीची बाजू उजवी आणि विल्स उजवा टॅकल. ब्राउन्सकडे उजवीकडे आधीच माणूस होता, म्हणून याला डावीकडे उभं केलं. कबड्डीतल्या उजव्या कोपरारक्षकाला डाव्या कोपऱ्यात ढकलण्यासारखंच ते, पुढचा पाय बदलतो, पकडीचा हात बदलतो. सुरुवात बरी झाली, पण पकड बसली असं कधी वाटलं नाही आणि नंतर दुखापतींनी गाठलं. तरी बाजू बदलली म्हणून खेळाडू बुडतो असं मी म्हणणार नाही. पेनी सूएल ऑरेगॉनात डावा होता, २०२१ मध्ये लायन्सने सातव्या क्रमांकावर घेऊन त्याला उजवा केला, आणि २०२३ व २०२४ ची ऑल-प्रो निवड त्याच जागेवरची. पण डाव्या हाताने जेवायला शिकावं तसे त्यातही काही महिने जातात. तेवढे गृहीत धरा.

थॉमसबद्दल मला माफी मागायची आहे. तो चौघांत सर्वांत तयार म्हणून आला. जॉर्जियात पहिल्याच वर्षी उजवीकडे, नंतर दोन वर्षं डावीकडे, तेही देशातल्या सर्वांत कडक लीगमध्ये. आणि पहिल्या मोसमात त्याची दाणादाण उडाली. मी दिवाणखान्यातून ओरडायचो, "अरे, याच्यापेक्षा दार बरं!" मोसमाच्या मध्येच लाइनचे प्रशिक्षक बदलले. मोसम संपल्यावर घोट्याची शस्त्रक्रिया झाली, म्हणजे तो दुखऱ्या पायावर उभा होता हे आम्हाला मागून कळलं. २०२२ मध्ये तो ऑल-प्रोच्या दुसऱ्या संघात होता, २०२३ मध्ये पाच वर्षांचा ११ कोटी ७५ लाख डॉलरचा करार. त्यानंतर मात्र दुखापतींनी पिच्छा पुरवला. तयार खेळाडूलाही पहिलं वर्ष द्यावं लागतं, एवढं मी त्याच्याकडून शिकलो.

आता पुतण्याच्या प्रश्नातला आखूड हात. खांद्याच्या टोकापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजतात, आणि टॅकलला ३४ इंच हवेत हा जुना दंडक. दंडक उगाच नाही. ज्याचा हात आधी छातीला लागतो तो पुढचा डाव ठरवतो. पण नॉर्थवेस्टर्न या एकाच कॉलेजातले दोन डावे टॅकल बघा. राशॉन स्लेटर, हात ३३ इंच. २०२१ मध्ये चार्जर्सने तेरावा घेतला, टॅकलच ठेवला, पहिल्याच वर्षी ऑल-प्रोच्या दुसऱ्या संघात. पीटर स्कोरोन्स्की, ३२¼ इंच. २०२३ मध्ये टायटन्सने अकरावा घेतला आणि गार्ड केला. पाऊण इंचाने जागा बदलली म्हणा हवं तर. २०२५ मध्ये एलएसयूच्या विल कॅम्पबेलचे हात इंडियानापोलिसला ३२⅝ भरले आणि कॉलेजातल्या मोजणीत ३३. फुटपट्टी तीच, खांदा तोच! पेट्रियट्सने त्याला तरीही चौथा उचलून डावीकडेच उभा केला. माझा हिशोब साधा आहे: ३३ च्या आसपास असेल आणि पाय चपळ असतील तर टॅकल म्हणून घ्या. त्याखाली गार्डच्या भावात घ्या, आणि गार्ड म्हणजे दुय्यम माल असं मानू नका. नोत्र दामचा डावा टॅकल झॅक मार्टिन काउबॉइजकडे गार्ड झाला आणि सात वेळा ऑल-प्रो.

स्लेटरचं नाव निघालंच आहे तर, व्हिडिओ कुठला बघायचा तेही सांगतो. सोप्या सामन्यातली हायलाइट नको. समोर सर्वांत जबर माणूस असेल तो सामना काढा. स्लेटरचा ऑक्टोबर २०१९ चा ओहायो स्टेटविरुद्धचा सामना, समोर चेस यंग, जो पुढच्या वर्षी ड्राफ्टमध्ये दुसरा गेला. नॉर्थवेस्टर्न ५२–३ असं चिरडलं गेलं, आणि तरी त्याच सामन्याने स्लेटरचा भाव वर गेला. स्कोअरबोर्ड झाका. चेंडूमागे नजर जाऊ देऊ नका. फक्त त्या एका माणसाचे पाय बघा: पहिलं पाऊल, टाच उचलली जाते का, पाय एकमेकांना छेदतात का, आणि हरल्यावर काय करतो. तिसऱ्या डाऊनचे, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नाचे, लांब पल्ल्याचे प्रसंग वेगळे काढा. वीस प्रसंगांत मत बनतं.

आणि राक्षस? २०१४ मध्ये नेमकी हीच जोडी समोर होती. ऑबर्नचा ग्रेग रॉबिन्सन, ३३२ पाउंड, विजेसारखा, पण सतत धावून खेळणाऱ्या टीमचा, पासिंगमध्ये कच्चा. रॅम्सने दुसरा घेतला, २०१७ मध्ये देऊन टाकला. टेक्सास ए अँड एमचा जेक मॅथ्यूज, घराण्यातच हा खेळ, वडील हॉल ऑफ फेममध्ये. सहावा गेला, आणि दहा वर्षं उलटली तरी फाल्कन्सचा डावा टॅकल तोच. उलटं उदाहरणही आहे. ईगल्सचा जॉर्डन मायलाटा ऑस्ट्रेलियातला रग्बी खेळाडू, हा खेळ कधीच न खेळलेला, आणि आज डावीकडे भिंत. पण तो २०१८ मध्ये २३३ वा घेतला होता, आणि त्याला घडवणारे तेच स्टाउटलंड. कैरी घ्या, हरकत नाही. पण कैरीच्या भावात घ्या, आणि घरी अढी घालणारा आहे का ते आधी बघा. रॅम्सने कैरीला हापूसचा भाव मोजला.

हे सगळं ऐकून पुतण्या म्हणाला, माझा नंबर सातवा आहे आणि टीमचा लाइन प्रशिक्षक नुकताच बदललाय. म्हटलं, मग आखूड हातवाला घे. किती आखूड? तेहेतीसला एक अष्टमांश कमी. घे.

रात्री पुन्हा फोन. "काका, एक सांगायचं राहिलं. आमचा क्वार्टरबॅक डावखुरा आहे." त्या आखूड हातवाल्या पोराने कॉलेजच्या पहिल्या वर्षी उजवीकडे चार सामने खेळलेत. पुतण्याला तेच चार व्हिडिओ काढायला बसवलंय.