कळसूबाई की हरिश्चंद्रगड? थंडीत घरच्यांना घेऊन जायचं तर

दोन्ही अकोले तालुक्यात, दोन्ही एका दिवसात होणारे. पोरांचं मत आधीच ठरलेलं असतं: कळसूबाई! 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, शाळेत मिरवायला बरं. पण सोबत आई-बाबा किंवा सहा-सात वर्षांचं पोर असेल, तर मी पायथ्याच्या पाचनई गावातून हरिश्चंद्रगडच सुचवीन.

कळसूबाईला मुख्य काम चढायचंच. बारी गावातून पायऱ्या, कातळ आणि लोखंडी शिड्या असं तीनएक तास चालतं. शिड्या भक्कम आहेत, पण रविवारी चढणारे-उतरणारे समोरासमोर येतात आणि खोळंबा होतो. भल्या सकाळी ते गज इतके गार असतात की पोरं हात लावायला कुरकुरतात, हातमोजे द्याच. ऊन चढलं की सावली शोधावी लागते. माथ्यावर देवीचं छोटं देऊळ, आणि हवा स्वच्छ असेल तर अलंग-मदन-कुलंग हे किल्ले आणि भंडारदरा धरणाचं पाणी. नजारा भारीच, पण तो वर पोचणाऱ्यांसाठी. अर्ध्यावर कुणाचे गुडघे बोलू लागले, की त्याच्यासोबत आणखी एकाचा दिवस वाया.

पाचनईची वाट बराच वेळ कातळकड्याच्या पोटाखालून जाते. रमतगमत दोन-अडीच तासांत हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर, आणि तिथून पुढे ज्याचा त्याचा दम. आजी-आजोबांनी मंदिराचं कोरीवकाम बघावं, पुष्करणीपाशी उन्हाला बसावं, झापावर (गावकऱ्यांच्या झोपडीत) पिठलं-भाकरी सांगून ठेवावी. जवळच केदारेश्वराची गुहा: मोठ्या पिंडीभोवती गार पाणी, चार खांबांपैकी एकच शाबूत. पोरं पाण्यात उतरायचा हट्ट धरतातच. बदलायचे कपडे नसतील तर ठाम राहा. बाकीच्यांनी कोकणकडा, म्हणजे गडाचा कोकणाकडचा उभा कडा, गाठावा. तिथे पोराचा हात सोडायचा नाही, आणि मोठ्यांनीही पालथं झोपूनच डोकवायचं. इंद्रवज्राची (गोल इंद्रधनुष्याची) आस धरू नका, त्याला दरीत धुकं लागतं. गडावरचं तारामती शिखर जमलं तर ठीक.

मेख प्रवासात आहे. बारी कसारा-इगतपुरीकडून सोयीचं. मुंबईहून पहाटे निघून रात्री घरी येता येतं. पाचनईला राजूरवरून आणखी आत जावं लागतं, म्हणून आदल्या रात्री गावातच मुक्काम करा. थंडीत सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. कड्यावरचा सूर्यास्त कितीही खुणावो, लहान पोरं असतील तर साडेतीनलाच मंदिराकडून उतरायला लागा.