वाघेरा घाटावरचं उन्हाळी चित्रप्रदर्शन आणि चादरीवरचा कृष्ण

नाशिकजवळचं गिरणारे सोडून वाघेरा घाट चढलं की हरसूलच्या अलीकडे आत एक पाडा आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेला सुट्टी लागली की मे महिन्यात दोन वर्गखोल्यांत चित्रं लागतात आणि शनिवारी रात्री पटांगणात सिनेमा दाखवतात. मी ओळीने दोन शनिवार जाऊन आले. पाड्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हे सगळं करणाऱ्या पोरांनीच विनंती केली, "ताई, मे महिन्यात आमच्याकडे टँकरचं पाणी. एकदम पन्नास गाड्या आल्या तर त्यांना काय पाजायचं?" ज्यांना खरंच जायचंय त्यांना गिरणाऱ्याच्या पुढे चहाच्या टपरीवर विचारलं तरी वाट कळेल. जाताना पिण्याचं पाणी घरून न्या, आणि जरा जास्तच न्या.

पहिल्या खोलीत वारली चित्रं आहेत. कागदावरची, कापडावरची, काही काचेच्या फ्रेममध्ये. फ्रेममधली नीट दिसत नाहीत, ट्यूबलाइट काचेत चमकते आणि चित्राऐवजी आपलंच तोंड दिसतं. पण फळ्याच्या बाजूची अख्खी भिंत शेणाने सारवून, वर गेरू फिरवून दोन आज्यांनी लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवर काढतात ती चौकट, काढलाय, तो बघायला मी पुन्हा एवढा घाट चढेन. तांदळाच्या पिठात पाणी आणि डिंक, आणि टोक चावून कुंचल्यासारखी केलेली बांबूची काडी. एवढंच सामान. मध्ये पालघट, म्हणजे लग्नाची देवी, आणि चौकटीच्या चारी बाजूंनी नक्षी. जवळ जाऊन पाहिलं तर पांढरी रेघ सगळीकडे सारखी नाही. पीठ दाट होतं तिथे ती उठून आलीय, काडी कोरडी झाली तिथे तुटलीय आणि पुन्हा बुडवून जोडलीय. हात कुठे थांबला, कुठे पुढे गेला, ते त्या भिंतीवर वाचता येतं. छापील वारली पाहून पाहून मी हे विसरलेच होते.

पण याच खोलीत मला वाईटही वाटलं. प्रत्येक चित्राखाली चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर एवढंच: वारली चित्र, गेरू, तांदळाचं पीठ. कुणी काढलं? नाव नाही. माझे वडील नाशिकमध्ये थिएटरचे बोर्ड रंगवायचे. नवा सिनेमा लागला की आधीचा चेहरा पांढऱ्या रंगाखाली जायचा, पण उजव्या कोपऱ्यात त्यांचं नाव असायचंच. ते म्हणायचे, चेहरा हिरोचा, हात माझा. लग्नाचे चौक पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी काढले. जिव्या सोमा म्हशेंना 2011 साली पद्मश्री मिळाली, वारली चित्रं जगभर गेली, आणि इथे वारल्यांच्याच डोंगरात आजीच्या चित्राखाली आजीचं नाव नाही. मी पोरांना हे तिथेच बोलून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं.

दुसऱ्या खोलीत बोहाड्याचे, म्हणजे देवादिकांची सोंगं नाचवायच्या इथल्या उत्सवाचे, मुखवटे. गणपती, सारजा म्हणजे सरस्वती, रावण. भिंतीवर खिळ्याला टांगलेले मुखवटे मला जरा निर्जीव वाटले. बोहाड्यात ते टेंभ्याच्या उजेडात, संबळाच्या ठेक्यावर नाचत येतात, तेव्हा ते देव असतात. कागदाच्या लगद्याचे थर मागच्या बाजूने दिसतात, तेवढं मात्र बघून घ्या.

आता सिनेमा, ज्यासाठी मी खरं तर गेले होते. पहिल्या शनिवारी दादासाहेब फाळक्यांचा 'कालिया मर्दन' होता. 1919 चा मूकपट, त्यांच्या नाशिकच्या कंपनीच्या काळातला. फाळक्यांचा जन्म 1870 चा, इथून जवळच त्र्यंबकचा. त्यांचा सिनेमा त्र्यंबकच्याच डोंगरात बघायला मिळाला म्हणून मला आधीच भरून आलं होतं. पडदा म्हणजे दोन चादरी जोडून शिवलेल्या, आणि मधली शिवण नेमकी चेहऱ्यावरून जायची. त्या सिनेमात बाळकृष्ण झालीय फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, सातेक वर्षांची. सुरुवातीला कथा नाहीच. फक्त त्या पोरीचा चेहरा, आणि त्यावर एकामागून एक बदलणारे भाव. मग त्याच चेहऱ्याचा कृष्ण होतो. घाटातून वारा आला की चादर फुगायची आणि कृष्णाचा गाल लोणी भरल्यासारखा व्हायचा. पुढे बसलेली पोरं खिदळली आणि तिचे भाव करून एकमेकांना दाखवायला लागली.

मूकपट, म्हणून संबळ आणि पिपाणी वाजवायला पाड्यातलेच दोघं बसवले होते. बोहाड्यात वाजवणारे. त्यांनी सिनेमा आधी पाहिलेला नव्हता. मला धाकधूक होती, पण कृष्णाने यमुनेत उडी घेतली आणि संबळवाल्याने सोंग प्रवेश करतं तेव्हाचा ठेका धरला. बसलेल्या म्हाताऱ्या बायकांनी हात जोडले. बोहाड्यात देवाचं सोंग आलं की जोडतात तसेच. शहरात मी हा सिनेमा एकदा पाहिला होता, पियानोच्या रेकॉर्डवर. तेव्हा तो जुना सिनेमा होता. इथे तो चालू काळातला वाटला. पाट्या आल्या की सहावीतली एक मुलगी माइकवर मराठीत सांगत होती, आणि एकदा ती स्वतःच नागाशी चाललेली झटापट बघण्यात इतकी रमली की पुढची पाटी निघून गेली. कुणाची काही तक्रार नव्हती.

मध्ये वीस मिनिटं लाइट गेली. जनरेटर होता, पण त्यात डिझेल नव्हतं. एवढी तयारी करता तर हेही आधी बघायला हवं. दुसऱ्या शनिवारचा आजच्या काळातला माहितीपट मला लांबलेला वाटला, आणि आवाज फाटत होता.

प्रवेश फुकट आहे, दारात डबा ठेवलाय, त्यात मनाला येईल ते टाका. जेवण 80 रुपये: नागलीची भाकरी, उडदाचं वरण, ठेचा, वर पळसाच्या द्रोणात करवंदं. भाकरी चुलीवरून थेट ताटात येते, तेव्हा घाई करू नका. बायकांसाठी शाळेचं स्वच्छतागृह उघडं असतं, स्वच्छ होतं.

दुसऱ्या शनिवारी गेले तर प्रत्येक चिठ्ठीखाली पेनाने नाव लिहिलेलं होतं. चौकाच्या भिंतीजवळ तर खडूने, मोठ्या अक्षरात, दोन्ही आज्यांची. मी त्यांच्यापैकी एकीचं कापडावरचं लहान चित्र 1,500 रुपयांना घेतलं. सही मागितली तर म्हणाल्या, "मला कुठं येतं बाई लिहायला." मग नातीने नाव लिहिलं आणि आजींनी पिठात बोट बुडवून शेजारी एक ठिपका ठेवला. ते सुकेपर्यंत आम्ही तिघी ओट्यावर बसलो होतो. कापडावरचं चित्र घेणार असाल तर गुंडाळायला कडक पुठ्ठ्याची नळी घेऊन जा, तिथे मिळत नाही. आणि परतताना रात्री घाट उतरायचाय, सिनेमा साडेदहाला संपतो, हे धरून निघा.