लागावूलिन १६ की टॅलिस्कर १०: धुराची एकच बाटली आणायची तर

स्कॉटलंडहून भारतात परतताना माणशी दोन लिटर दारू ड्यूटी न भरता आणता येते. तिथल्या दुकानातली बाटली ७०० मिलीची. तीन घेतल्या की २.१ लिटर होतात, म्हणजे आणायच्या दोनच. त्यातली एक शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपात मुरलेली, बिनधुराची, पाहुण्यांना सहज चालणारी, हे आमच्याकडे ठरलेलं असतं. उरलेल्या एका जागेसाठी लागावूलिन १६ आणि टॅलिस्कर १० या धुरकट चवीच्या दोन स्कॉच व्हिस्क्यांत माझं बरीच वर्षं घोळत होतं; आकडे मुरवणीच्या वर्षांचे.

दोन्ही सध्या एकाच कंपनीच्या. १९८८ मध्ये ‘क्लासिक माल्ट्स’ म्हणून सहा व्हिस्क्या एकत्र बाजारात आल्या, त्यातही या दोघी होत्या. त्यामुळे कोणतीही आणलीत तरी पैसे वाया गेले असं होणार नाही, हे आधीच सांगतो.

लागावूलिन स्कॉटलंडच्या आयला बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरची, लाफ्रॉइग आणि आर्डबेग या व्हिस्कीच्या कारखान्यांच्या मधली. तिचा धूर म्हणजे हुरड्याची आगटी. गोवऱ्या विझत आलेल्या, कणसांचा गोडसर वास, आणि दुसऱ्या दिवशी शाल नाकाशी नेली तरी तो वास आहेच. त्याच्या मागून आयोडिनची छटा येते आणि मग सुक्या अंजिराची गोडी. तिथे दुसरं ऊर्ध्वपातन मुद्दाम संथ, नऊएक तास चालवतात. जिभेवरचा तो दाटपणा त्यातूनही येत असावा. निवांत बसून एकच पेग तासभर पुरवायचा असेल तर तिच्या तोडीची मला क्वचितच मिळाली.

टॅलिस्कर १८३० पासूनची, स्काय बेटावर कारबोस्ट गावात, लॉख हारपोर्टच्या काठावरची. आयलाच्या या शेजारणींपेक्षा तिच्या बार्लीला वाळवताना पीटचा, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीचा, धूर कमी दिलेला असतो. वाफ थंड करायला तिथे अजून जुनी पद्धत आहे: पाण्याच्या मोठ्या टाक्यांत बुडवलेल्या तांब्याच्या वेटोळ्या नळ्या. अशा नळ्यांत वाफेचा तांब्याशी संबंध कमी येतो, म्हणून दारू अंगाने भरदार उतरते. ग्लासात आधी मीठ जाणवतं, समुद्रावरून आलेल्या वाऱ्याने ओठ खारट व्हावेत तसं. धूर मागे उभा असतो. आणि घोट खाली उतरला की मिरी. सारात ताजी कुटून घातलेली मिरी घशाशी लागते, अगदी तशी.

माझा निर्णय झाला तो मात्र जेवणाच्या ताटावर. मी घेतो ती जेवणाआधी, एकच पेग, नंतर नाही. एका रविवारी लागावूलिन घेऊन पानावर बसलो. बायकोने तिरफळं घालून बांगड्याची आमटी केली होती. तिरफळाचा वास स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीपर्यंत येतो, आणि मला तो घासात शोधावा लागला. आमटी, भात, सोलकढी, सगळ्यावर तोच धूर. पुढे मध्ये अर्धा तास जाऊ देऊन पाहिला, लिंबू चोखून पाहिलं, फरक पडला नाही. हा त्या व्हिस्कीचा दोष म्हणता येणार नाही. धूर इतका टिकावा म्हणूनच ती तशी बनवतात. पण घरच्या माशाची चव घालवून बसणं मला जड गेलं. टॅलिस्करची मिरी दहा मिनिटांत ओसरते, आणि तोंडात राहिलेल्या खारटपणावर बांगडा उलट खुलतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. पुण्याच्या मे महिन्यात नुसती घेणं मला जमत नाही. टॅलिस्कर ४५.८ टक्के अल्कोहोलची, चमचाभर पाणी सहज पेलते. लागावूलिन ४३ टक्क्यांची, आणि तेवढ्याच पाण्याने ती लवकर पसरते असं माझ्या जिभेला वाटतं. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो. किमतीतही फरक आहे; सोळा वर्षांच्या मुरवणीचे पैसे जास्त पडतात. लागावूलिनच हवी पण थोडी तरतरीत, तर २०१६ मध्ये तिच्या द्विशताब्दीला काढलेली आठ वर्षांची बघा, ती ४८ टक्क्यांची आहे.

जेवण आटोपल्यावर अंगणात बसून पिणाऱ्यांनी लागावूलिनच घ्यावी, त्या वेळेला टॅलिस्कर थोडी घाईची वाटते. मी डिसेंबरात एडिनबरोहून येणाऱ्या भावाला टॅलिस्कर सांगितली आहे. तो आला की सुरमई आणायची, हेही ठरलं आहे.