कडकनाथची ‘फर्टाइल’ अंडी पार्सलने मागवताय? आधी हे वाचा

४,७०० रुपये गेले. पिल्लं काढायला मागवलेली कडकनाथ या काळ्या कोंबडीची ९० अंडी, नगाला ४५ प्रमाणे ४,०५०, वर पॅकिंग-पार्सलचे ६५०. सगळे आगाऊ, जीपेवर. पिल्लू एकही नाही. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथच्या नावाखाली कोट्यवधी बुडाले, त्याची बोंब झाली. असे चार-पाच हजार बुडालेला माणूस लाजेने गप्प बसतो, आणि त्यावरच या अंडी विकणाऱ्यांचं चालतं.

पार्सल उघडलं तेव्हाच दिसत होतं सगळं. अंडी धुऊन चकचकीत, विष्ठेचा एक डाग नाही. पुठ्ठ्याच्या ट्रेवर प्रत्येक अंड्याखाली ओल धरून सुकलेला गोल डाग. फ्रीजमधली अंडी बाहेर काढून तशीच भरली की त्यांना घाम सुटतो, त्याचे ते डाग! डोळ्यांसमोर होते. मी लगेच विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, “दादा, रस्त्यात इन्फेक्शन नको म्हणून धुतली.” उलट धुतल्याने अंड्यावरचं आवरण जातं आणि जंतूंना वाट मिळते. पण त्याने काळ्या कोंबड्यांचे व्हिडिओ पाठवले होते, आधारचा फोटो दिला होता, बोलणं जाणकाराचं होतं. कुणीही विश्वास ठेवला असता.

सातव्या दिवशी अंधारात टॉर्च लावली. त्याच उबवणीच्या मशीनमधल्या आमच्या गावरान अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा, मध्ये हलणारा ठिपका. त्याने पाठवलेली सगळी आरपार स्वच्छ. पुन्हा फोन केला तर म्हणाला, “मशीनचा प्रॉब्लेम असेल, लाइट गेली असेल.” मग आमची गावरान कशी निघाली? तापमान ३७.५ वर होतं. ते चुकून गर्भ मेला असता तर रक्ताचं कडं दिसलं असतं. एकातही नव्हतं. खुडूक कोंबडीखाली ठेवलेलीही तशीच. म्हणजे एकतर त्या कोंबड्यांत कोंबडाच नव्हता, नाहीतर अंडी फ्रीजमध्ये मेलेली. एवढं ऐकवल्यावर त्याने ब्लॉक केलं.

पोलीस ठाण्यात हवालदार हसला, “अंडी उबली नाहीत याची तक्रार?” हेल्पलाइनवाले म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवलेत, हा व्यवहारातला वाद. जनावरांच्या दवाखान्यात, खाजगी विक्रेत्याशी आमचा संबंध नाही. ग्राहक तक्रारीसाठी फर्मचं नाव-पत्ता आणा. अहो, नाव-पत्ता असता तर मीच दारात जाऊन बसलो असतो! त्याचा जीपे नंबर आहे, त्याला बँक खातं जोडलेलं आहे, खात्याला केवायसी आहे. एक पत्र टाकलं तर माणूस सापडतो. ते पत्र कुणी टाकायचं यावरच सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि तो तिकडे रोज नवीन जाहिरात टाकतोय.

कडकनाथचं अंडं काळं नसतं, फिकट तपकिरी असतं. काळ्या अंड्यांचे फोटो टाकणाऱ्याशी बोलूच नका. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा आहे का, ते व्हिडिओ कॉलवर बघा. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने तारीख मागा, सात दिवसांवरचं घेऊ नका. चॅट डिलीट करू नका. आणि निम्मेच पैसे द्या, उरलेले सातव्या दिवशी टॉर्च लावून बघितल्यावर. जो नाही म्हणेल त्याची अंडी घेऊ नका.