वूकॉमर्सवरचं दुकान, आठ महिन्यांनी: इन्स्टॉल करण्याआधी कागदावर काय हवं

वूकॉमर्स, म्हणजे वर्डप्रेसच्या वेबसाइटवर ऑनलाइन दुकान चालवणारं प्लगिन (जोड-सॉफ्टवेअर), फुकट आहे आणि अर्ध्या तासात दुकान उभं राहतं, हे दोन्ही खरं. घोळ त्या अर्ध्या तासातच होतो. सेटअपमधले प्रश्न 'नंतर बघू' म्हणून पुढे ढकलता येतात, पण त्यातल्या चार-पाच गोष्टी नंतर बदलायच्या म्हणजे गिलावा झाल्यावर नळाची लाइन टाकणं.

हा अनुभव साठ-पासष्ट वस्तूंच्या दुकानाचा आहे: लोणची, पापड, मसाले, कोकम आगळ. वर्डप्रेस, स्वतःचं होस्टिंग, ऑर्डर बहुतेक महाराष्ट्रातल्या, थोड्या गोवा आणि बंगळुरूच्या.

आधी कर. सेटिंगमध्ये विचारतात, किमती करासहित भरणार की कर वगळून? खाद्यपदार्थांच्या पाकिटावर एमआरपी छापायची असेल तर पर्याय एकच, करासहित, कारण एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात. २१० रुपये एमआरपीची बरणी 'कर वगळून' म्हणून भरली तर ५ टक्के चढून गिऱ्हाइकाला २२०.५० लागतील, म्हणजे छापील किमतीपेक्षा जास्त. आणि हे सेटिंग नंतर बदललं तरी आधी भरलेल्या किमती आपोआप बदलत नाहीत.

महाराष्ट्रासाठी कराच्या ओळी भरताना सीजीएसटी (केंद्राचा वाटा) २.५ ला प्राधान्य १ आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा) २.५ ला प्राधान्य २ द्या. दोन्हींना १ दिलं तर एकच लागू होतो, कारण एका प्राधान्याची एकच ओळ उचलली जाते. इतर राज्यांसाठी आयजीएसटी (राज्याबाहेरच्या विक्रीवरचा कर) ५ ची एकच ओळ पुरते: राज्याचा रकाना रिकामा, प्राधान्य १. महाराष्ट्राच्या पत्त्याला जास्त नेमकी ओळ आधी जुळते, त्यामुळे तिथे आयजीएसटी लागत नाही. ही ओळ विसरली तर गंमत होते. करासहित किमतीतून सॉफ्टवेअर आधी दुकानाच्या राज्याचा कर वजा करतं आणि मग गिऱ्हाइकाच्या राज्याचा चढवतं. गोव्याच्या पत्त्यासाठी दरच सापडला नाही तर २१० ची बरणी २०० ला जाते. दहा रुपये गेल्याचं लक्षात येईपर्यंत महिन्याचं रिटर्न भरायची वेळ आलेली असते. पापडाला शून्य दर आणि लोणच्याला ५ टक्के, म्हणून वस्तूवार कर वर्ग आधीच ठरवा. शिपिंगवरचा कर 'कार्टमधल्या वस्तूंनुसार' ठेवायचा की वेगळा, हे सीएला विचारून घ्या.

याच्याही आधीचा प्रश्न नोंदणीचा. राज्यातल्या राज्यात माल विकताना ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, पण स्वतःच्या साइटवरून राज्याबाहेर माल गेला की पहिल्या ऑर्डरपासून ती लागते. हस्तकलेसारखे थोडे अपवाद आहेत. कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची सोपी जीएसटी योजना) असाल तर माल राज्याबाहेर पाठवताच येत नाही. सावंतवाडीच्या माणसाला पुण्यापेक्षा म्हापसा जवळ, पण कायद्याच्या हिशेबात म्हापसा परराज्य. नोंदणी नसेल तर विक्री महाराष्ट्रापुरतीच बांधा. वूकॉमर्सच्या मूळ सेटिंगमध्ये देश निवडता येतो, राज्य नाही. उपाय सोपा आहे: शिपिंग झोन (माल पाठवायचा प्रदेश) फक्त महाराष्ट्राचा करा आणि 'इतर सर्व ठिकाणे' या झोनमध्ये माल पाठवायची एकही पद्धत ठेवू नका. परराज्याचा पत्ता टाकला की ऑर्डर पुढे जात नाही.

वस्तूंची रचना. आंब्याचं लोणचं २५० ग्रॅम, ५०० ग्रॅम, १ किलो: तीन वस्तू की एका वस्तूचे तीन पर्याय? एक वस्तू, तीन पर्याय, असंच करा. तीन वस्तू करून नंतर एकत्र आणल्या तर परीक्षणं आणि वेबपत्ते तीन ठिकाणी विखुरलेले राहतात. पण साठा प्रत्येक पर्यायाचा वेगळा ठेवा. मूळ वस्तूवर साठा धरला तर २५० ग्रॅमची बरणी असो की १ किलोची, आकड्यातून एकच वजा होतो. 'बरणीत १० किलो आहे, त्यातून वजन कमी होत जाईल' हे गणित वूकॉमर्सला मुळात येत नाही. वजन, तिखटपणा, तेल यांसारखे गुणधर्म 'अॅट्रिब्यूट' पानावर सगळ्यांसाठी मिळून तयार करा. प्रत्येक वस्तूत सुटे लिहिले तर पुढे त्यावर फिल्टर चालत नाही, आणि मग साठ वस्तू एकेक करून उघडाव्या लागतात.

मराठी दुकानाच्या तीन अडचणी इंग्रजी मार्गदर्शनात कुठेच सापडत नाहीत. पहिली, वेबपत्ता. वस्तूचं नाव देवनागरीत लिहिलं की पत्ताही देवनागरीतून बनतो. एकेका देवनागरी चिन्हाची त्यात नऊ अक्षरं होतात, आणि वर्डप्रेसची मर्यादा २०० अक्षरांची. म्हणजे बावीस चिन्हांनंतर पत्ता तुटतो. काने, मात्रा, वेलांट्याही त्यात मोजल्या जातात. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली लिंक टक्केवारीच्या चिन्हांची माळ दिसते ती वेगळीच. नाव देवनागरीत ठेवा, पत्ता रोमन लिपीत आणि छोटा. वस्तूच्या पत्त्याची रचनाही आधीच ठरवा, कारण नंतर बदलली तर गूगलमधले जुने दुवे नव्या पत्त्याकडे वळवत (रीडायरेक्ट करत) बसावं लागतं.

दुसरी, शोध. मूळ शोध अक्षरशः जुळणी करतो. 'लोणचे' लिहिलेल्या वस्तूला 'लोणचं' टाकून शोधलं तर ती सापडत नाही, आणि रोमनमध्ये टाकणारे तर निम्मे. वर्णनातल्या एका ओळीत दोन्ही रूपं आणि रोमन लेखन घाला. दिसायला ओबडधोबड, पण कामाचं. तिसरी, पीडीएफ बिल. डॉमपीडीएफ या पीडीएफ बनवणाऱ्या इंजिनवर चालणाऱ्या बिलाच्या प्लगिनमध्ये फॉन्ट बदलूनही जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी चुकीच्या जागी बसते, कारण ते इंजिन देवनागरीची जुळणीच करत नाही. एमपीडीएफवर चालणारं प्लगिन घ्या, नाहीतर बिल इंग्रजीत काढा.

फोटो काढायच्या आधी लेबल तयार हवं. १ जानेवारी २०१८ पासून पाकीटबंद मालाची एमआरपी, निव्वळ वजन, उत्पादकाचं नाव-पत्ता, आयात माल असेल तर मूळ देश, हे वस्तूच्या पानावरही दाखवावं लागतं; उत्पादनाचा महिना-वर्ष तेवढं वगळता येतं. एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) १४ अंकी क्रमांक पाकिटावर हवा, आणि २०२२ पासून बिलावरही. फोटो चौकोनी ठेवा, १२०० पिक्सेल पुरे. एका फोटोच्या आठ-दहा वेगवेगळ्या मापांच्या फाइल बनतात. साठ वस्तूंचे चार-चार फोटो म्हणजे दोन हजारांवर फाइल. स्वस्त होस्टिंगवर जागा शिल्लक असते, फाइलसंख्येची मर्यादा मात्र संपते.

आता शिपिंग. सगळ्यात जास्त पैसे इथे गळतात. कुरिअर वजन दोन प्रकारे मोजतं आणि जास्त भरेल ते लावतं. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून भागिले ५०००. पाऊण किलो पापड २५×२५×१२ च्या खोक्यात भरले तर ७५०० भागिले ५०००, म्हणजे दीड किलोचं बिल. म्हणून साइट बनवण्याआधी तीनच खोकी पक्की करा, प्रत्येकात काय बसतं ते प्रत्यक्ष भरून बघा, आणि वस्तूचं वजन भरताना बरणी, बबल रॅप, खोकं धरूनच भरा. मूळ वूकॉमर्समध्ये वजनानुसार दर नाही. ठरावीक दर आणि शिपिंग वर्ग एवढंच मिळतं. 'काचेची बरणी' आणि 'हलकं पण मोठं' असे दोन वर्ग केले तर साठ वस्तूंचं दुकान पैसे खर्च न करता चालतं. त्यापुढे टेबल-रेटचं (वजनानुसार दर लावणारं) प्लगिन लागेल. झोनचा क्रम वरून खाली वाचला जातो आणि पहिला जुळलेला लागू होतो. पुण्याचे पिनकोड वर, मग महाराष्ट्र, मग भारत. 'भारत' चुकून वर सरकला की सगळ्यांना तोच दर.

पैशांच्या बाजूला पेमेंट गेटवेची (ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीची) पडताळणी धरून वेळ ठेवा. त्यांना साइट चालू अवस्थेत हवी असते आणि संपर्क, अटी, परतावा, शिपिंग, गोपनीयता ही पानं लागतात. ती लिहितानाच तक्रार अधिकाऱ्याचं नाव घाला. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायचं असतं. गेटवेचा दर साधारण २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरा: ५०० च्या ऑर्डरमागे ११.८० रुपये.

वेबहुक, म्हणजे पैसे आल्याचा गेटवेकडून दुकानाला थेट येणारा निरोप, मात्र विसरू नका. यूपीआय अॅपमध्ये पैसे भरून गिऱ्हाईक ब्राउझरवर परतलंच नाही तर वेबहुकशिवाय दुकानाला पैसे आल्याचं कळत नाही. साठा राखून ठेवायची मूळ मुदत ६० मिनिटं. ती संपली की पैसे न आलेली ऑर्डर रद्द होते. पैसे खात्यात, ऑर्डर रद्द, आणि फोनवर चिडलेलं गिऱ्हाईक.

ही रद्द करण्याची कामं वर्डप्रेस साइटला कोणी भेट दिली तरच धावतात. रात्री दोन वाजता कोण येणार? सर्व्हरवरून दर पाच मिनिटांनी खरा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) लावा. कॅशिंगमधून (पानांची तयार प्रत साठवून दाखवण्यातून) कार्ट, चेकआउट आणि खात्याचं पान वगळा. ऑर्डरचे मेल एसएमटीपीवरून (मेल सर्व्हरवरून) पाठवा आणि डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम (मेल तुमच्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या नोंदी) बसवा, नाहीतर ते स्पॅममध्ये जातात. वूकॉमर्सच्या नोव्हेंबर २०२३ च्या ८.३ आवृत्तीपासून नव्या दुकानात चेकआउटचं पान ब्लॉकचं (वर्डप्रेसच्या नव्या संपादकातल्या तुकड्यांचं) असतं. काही जुनी प्लगिनं त्यात दिसतच नाहीत, म्हणून गेटवे आणि कॅश ऑन डिलिव्हरीचं प्लगिन त्यावर चालतं का ते विकत घेण्याआधी तपासा. स्टेजिंगवर (साइटच्या चाचणीच्या प्रतीवर) केलेले बदल डेटाबेससकट लाइव्हवर ढकलू नका, मधल्या काळातल्या ऑर्डर पुसल्या जातात.

ऑर्डर क्रमांकाला बिल क्रमांक समजू नका. वूकॉमर्सचे ऑर्डर क्रमांक मधले आकडे गाळत पुढे जातात, कारण पानं, फोटो, वस्तू सगळे त्याच मोजणीत असतात. जीएसटी बिलाला सलग क्रमांक हवा, जास्तीत जास्त १६ अक्षरांचा, आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा. बिलाच्या प्लगिनमध्ये स्वतंत्र मालिका चालू करा, पुढे वर्षाचे अंक जोडा आणि ३१ मार्चच्या रात्री मालिका नव्याने सुरू होईल अशी सोय पहिल्याच दिवशी करून ठेवा.